सही मुलाची, म्हणून हक्क संस्थेचे होत नाहीत

‘आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवण्यापूर्वी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडच्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. त्यात सांगितले आहे, की पहिला महिना भेटायला जाऊ नये आणि सणाला घरी आणू नये. रात्री उठून पडू नयेत म्हणून पलंगाला बांधण्यास संमती द्यावी. संध्याकाळनंतर पाणी बंद करावे. केस बारीक कापू द्यावेत. पैसे, दागिने व मोबाइल संस्थेच्या ताब्यात द्यावेत. आणि मुलाने सही केली की पुढचे निर्णय संस्थेचे असल्यामुळे म्हाताऱ्यांच्या तक्रारींना दाद देऊ नये. अमळनेरला राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीने हा संदेश वाचला होता. त्यानंतर जिजीला, म्हणजे माझ्या काकूला, ठेवले आहे तेथे तिचे मनगट पंच्याने पलंगाला बांधलेले पाहूनही ती काही न बोलता परत आली, कारण असेच करायचे असते अशी तिची समजूत झाली होती. म्हणून हे उत्तर.

बांधण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याने होते. म्हातारपणी पडण्याची भीती खरी आहे, एवढे संदेशाचे मान्य करावे लागते. खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध व्यक्ती पुष्कळदा पूर्वीसारखी चालू शकत नाही. पण बांधल्याने हा धोका टळत नाही. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो, पलंगाच्या कठड्यावरून उतरू पाहतो आणि अधिक उंचावरून पडतो; गळ्याभोवती किंवा छातीवर फास बसण्याचा धोका वेगळाच. जो धडपडत नाही त्याचे स्नायू काही दिवसांतच क्षीण होतात, पाठीला आणि टाचांना जखमा होतात, लघवी-शौच अंथरुणातच होऊ लागते आणि गोंधळलेपण वाढते. म्हणजे जो काल आधार धरून संडासापर्यंत जात होता, त्याला आपणच कायमचे अंथरुणाला खिळवतो.

वृद्ध माणूस रात्री का उठतो, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही. त्याला लघवी लागलेली असते, तहान लागलेली असते, गुडघा दुखत असतो, किंवा अनोळखी खोलीत जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे कळत नसते. यावरचे उपाय साधे आहेत: ठेंगणा पलंग, रात्रभर जळणारा मंद दिवा, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, हाताशी घंटा, झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा लघवीला नेणे, आणि झोपेच्या गोळ्या खरोखर आवश्यक आहेत का हे डॉक्टरांकडून तपासून घेणे, कारण त्या गोळ्यांनीही तोल जातो. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. लागते ते रात्रपाळीला एक जागे माणूस. ते ठेवायचे नाही म्हणून पंचा वापरायचा आणि त्याला सुरक्षितता म्हणायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

कायद्याचेही ऐका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 याच्या कलम 95 प्रमाणे रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास संपूर्ण मनाई आहे. कलम 97 प्रमाणे अन्य शारीरिक बंधन केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि कारणाची नोंद करूनच वापरता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून वापरता येत नाही. हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे, साध्या वृद्धाश्रमासाठी नाही, हे खरे. पण तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णालाही जे संरक्षण मिळते, ते केवळ वय झालेल्या जिजीला नाकारण्याचे कोणते कारण कोणी देऊ शकेल? बेकायदा अडवून किंवा डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे कोणाच्याही बाबतीत गुन्हाच आहे. बारीक केस कापण्याविषयीही याच 2017 च्या कायद्यात उत्तर आहे: सक्तीने मुंडण करता येत नाही आणि स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क राहतो.

पाण्याची सूचना तर खानदेशात बसून कोणी कशी लिहू शकते, हे समजत नाही. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत जातो आणि वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावत असल्यामुळे म्हातारी माणसे मुळातच कमी पाणी पितात. पाणी आणखी तोडले की लघवीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. वृद्धांत तो संसर्ग पुष्कळदा तापाऐवजी एकाएकी आलेल्या भ्रमातून प्रकट होतो. त्या भ्रमात माणूस रात्री उठून भटकतो, आणि मग त्याला बांधायचे कारण मिळते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे प्रमाण डॉक्टर ठरवतात, आणि दिवसभर पुरेसे पाणी दिल्यावर झोपण्याच्या तोंडावर थोडे कमी देण्यात वावगे नाही. पण संध्याकाळपासून पाणी बंद करण्याला काळजी म्हणता येणार नाही.

मौल्यवान दागिने जवळ ठेवू नयेत, हे ठीक. ते घरी ठेवावेत किंवा संस्थेकडे दिल्यास सही-शिक्क्याची पावती घ्यावी. मोबाइल काढून घेण्याला मात्र काहीच आधार नाही.

भेटीविषयी एवढेच, की पहिले आठवडे जड जातात आणि निरोप घेताना रडणे होते, हे खरे आहे. परंतु महिनाभर कोणी न दिसल्यास आपल्याला टाकून दिले असेच त्या माणसाला वाटणार. थोडा वेळ, पण ठरलेल्या दिवशी नेमाने जावे. प्रकृती साथ देत असेल आणि तिची इच्छा असेल, तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा कानबाईच्या रोटांच्या सणाला जिजीला घरी आणावे. विस्मरणाच्या आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. अशा वेळी तिच्याशी अहिराणीत बोलणारे, दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून देणारे माणूस समोर येणे ही उपचाराइतकीच गरजेची बाब आहे.

राहिला सहीचा मुद्दा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने 16 डिसेंबर 1991 रोजी वृद्धांसाठी 18 तत्त्वे स्वीकारली. त्यांतील एका तत्त्वाचा आशय असा, की कोणत्याही निवाऱ्यात किंवा शुश्रूषागृहात राहतानाही वृद्धांचे मानवी हक्क कायम राहिले पाहिजेत, त्यांची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा व खासगीपणा जपला गेला पाहिजे आणि स्वतःच्या शुश्रूषेचे निर्णय घेण्याचा त्यांचा हक्क मानला गेला पाहिजे. मुलाची सही खर्चाची आणि संपर्काची जबाबदारी घेते. आईच्या वतीने तिच्या शरीरावरचा हक्क सोडून देण्याचा अधिकार त्या सहीला कोणी दिलेला नाही. आणि आपल्याच देशात सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2018 च्या निकालात वृद्धांचा सन्मानाने जगण्याचा, निवाऱ्याचा आणि आरोग्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 21 शी जोडलेला आहे.

तक्रारीला दाद देऊ नका, असे सांगणाऱ्यांनी हेही वाचावे. 14567 हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. संस्थेविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मारहाण किंवा बांधून ठेवणे असेल तर पोलिसांत द्यावी. मुलेच खर्च टाळत असतील, तर 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो; स्वतः जाता येत नसेल तर अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलाच्या नावे केले असेल आणि पुढे तो सांभाळत नसेल, तर याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे ते हस्तांतरण रद्द ठरवण्याची मागणीही करता येते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, म्हणून कागद करतानाच ती स्पष्ट लिहून घ्यावी.