आमचे कुत्रे मेंढ्या हाकत नाहीत

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री भाच्याने वाचून दाखवला, मग मी स्वतः चष्मा लावून दोनदा वाचला. पाचपैकी एक तारा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांबरोबर आठवडाभर काम करायला म्हणून तुम्ही पुण्याहून आलात, पण कुत्रे काम करताना दिसलेच नाहीत, दिवसभर पडून होते. त्यातला एक विनाकारण चावला. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे आहेत, डिसेंबरच्या थंडीत ते रात्रभर बाहेर असतात, खायला भाकरी-ताक. मेलेलं कोकरू त्यांच्या डोळ्यांदेखत पुरलं, त्यांना दिलं नाही. आणि लेंड्या भरायचे दिवसाला ४०० रुपये उलट तुम्हीच आम्हाला दिलेत.

यातलं बरंचसं खरं आहे. काही गोष्टींचा अर्थ तुम्हाला लागला त्याहून वेगळा आहे. एका बाबतीत मात्र तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा आमची चूक मोठी आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

९ तारखेची संध्याकाळ. मी विहिरीवर मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढून बसलो होतो. तुम्ही दोन दिवसांचं कोकरू उचललंत आणि फोटोला उजेड बरा मिळेल म्हणून गडग्याच्या दगडी कुंपणाबाहेर कातळाच्या सड्याकडे निघालात. कोकरू ओरडलं, त्याची आई ओरडली, आणि आमचा कुत्रा वाघ्या आडवा आला. तो आधी गुरगुरला असणार, तो नेहमी गुरगुरतो. तुम्हाला वाटलं खेळतोय. तुम्ही बाजूने पुढे झालात तेव्हा त्याने पोटरी धरली. त्याच्या लेखी एक अनोळखी माणूस कळपातलं पोर उचलून नेत होता. पण हे त्याचं गणित तुम्हाला कळणार कसं? पहिल्याच संध्याकाळी ते मी सांगायला हवं होतं. मी तुम्हाला संडास कुठे, दिव्याचं बटण कुठे, आंघोळीचं पाणी किती वाजता तापतं, सगळं सांगितलं. हेच राहिलं.

त्याहून मोठी चूक पुढची. बायकोने नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, ते बरोबर केलं. मग आईने वर हळद दाबली, ती दाबायला नको होती. आणि मी वाघ्याचं लसीचं कार्ड काढून दाखवलं, म्हणालो, काळजी नको, सकाळी जाऊ दवाखान्यात. तुम्ही मान डोलावलीत, कारण तुम्ही पाहुण्या आणि मी जाणता. कार्ड असो नसो, दात लागून रक्त आलं की त्याच दिवशी सुई घ्यायची असते. आरोग्य केंद्र बावीस किलोमीटरवर आहे, दारात मोटारसायकल उभी होती. मी आळस केला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी हेच मला तुमच्यासमोर सुनावलं, ते तुम्ही अभिप्रायात लिहिलं नाहीत. मी लिहितो.

आता कुत्रे ‘पडून’ होते त्याबद्दल. आमच्या जाहिरातीत ‘शीपडॉग’ हा शब्द होता, भाच्याने टाकला होता, आणि मला तो भारदस्त वाटला म्हणून मी राहू दिला. तुम्ही आल्या दिवशीच विचारलंत, यांना शिट्टीवर बसायला शिकवलंय का? तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की तुमच्या डोळ्यांसमोर बॉर्डर कॉली आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा तो कुत्रा. पोट जमिनीला टेकवून, नजर रोखून मेंढ्या वळवतो. मीही मोबाइलवर पाहिलाय, बघत राहावं असं काम आहे. पण त्या मुलखातले लांडगे कित्येक पिढ्यांपूर्वी संपले. तिथल्या कुत्र्याला मेंढ्या वळवायला सवड आहे. माझे वडील आटपाडीकडचे मेंढपाळ. तिकडे लांडगा, आणि दिवाळीनंतर अणुस्कुरा घाट उतरून कोकणात आलं की बिबट्या. आमच्या कुत्र्याने कळपाकडे बघायचंच नसतं, त्याने बाहेर बघायचं असतं.

मेंढ्या हाकायला आमचं तोंड पुरतं. शिवाय कळपात दहा-बारा शेळ्या असतात, त्या कशासाठी, असं तुम्ही विचारलं होतं आणि मी घाईत ‘दुधासाठी’ म्हणून मोकळा झालो होतो. दूध आहेच, पण शेळी पुढे चालते. वहाळाच्या पाण्यात मेंढी आपण होऊन पाय घालत नाही, शेळी उतरली की तिच्या मागे सगळ्या उतरतात. डिसेंबरात निम्म्या मेंढ्या गाभण किंवा नुकत्या व्यायलेल्या. त्यांच्यामागे कुत्रा लावून पळवलं तर गाभडतील. कळपाच्या मागे धावणारं पिल्लू आमच्याकडे ठेवतच नाही.

वाघ्या आणि चांदी डोळे उघडल्यापासून महिन्याभरात मेंढ्यांत टाकलेली पिल्लं. कोकरांच्या उबेला झोपली, मेंढ्यांच्या लाथा खाल्ल्या. माणसांत फार खेळू दिलं नाही, मुद्दामच. म्हणून चांदी तुमच्याकडे शेपूट हलवत आली नाही. दिवसभर करवंदीच्या जाळीखाली ती झोपलेली दिसते, पण पुढच्या खेपेला तिचे कान बघा. आणि तिची पाळी रात्री नऊनंतर असते, तुम्ही पडवीत झोपल्यावर. ८ तारखेच्या रात्री दोनच्या सुमाराला दोघं वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळ्याच्या, वरच्या अंगाला अर्धा तास भुंकत होती. तुमच्या अभिप्रायात ‘रात्री झोप लागू दिली नाही’ असं वाक्य आहे, ती हीच रात्र. सकाळी फणसाखालच्या ओल्या मातीत पंजा उमटला होता, माझ्या तळहाताएवढा. तुम्ही घाबराल म्हणून मी दाखवला नाही. आता वाटतं, दाखवायला हवा होता. तुम्ही ज्या कामासाठी आला होतात ते काम तेवढंच होतं, आणि ते तुमच्या उशापासून शंभर पावलांवर झालं.

कुत्रे घरात बांधून ठेवले तर वाघरीचं जाळं बिबट्याला एका उडीचं आहे.

पट्ट्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात, ताई, आत नाही. पडवीच्या खुंटीला एक जुना पट्टा आहे, तो काढून बघितला असतात तर आतून जुन्या घोंगडीचं अस्तर शिवलेलं दिसलं असतं. आई शिवते, दर पावसाळ्यानंतर नवं. बिबट्या धरतो तो मानेला. त्या खुंटीवरच्या पट्ट्याचे दोन काटे मुळातून वाकलेत. तो काळूचा. त्या वेळी काळू वाचला, आणि गेल्या मार्चमध्ये पट्ट्याचं बक्कल तुटलं म्हणून दोन दिवस तसाच होता, त्यातल्या दुसऱ्या रात्री गेला. तेव्हापासून पट्टा आधी, भाकरी मग.

भाकरीचं म्हणाल तर नाचणीची भाकरी, ताक, आठवड्यातून दोनदा बांगड्याची डोकी शिजवून. तुम्ही होतात त्या आठवड्यात बंदरावर मासळी महाग होती, म्हणून फक्त एकदा झाली.

कोकराविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ‘मालक शांतपणे चहा पीत होते’ हे वाक्य आईला लागलं. आमच्या दख्खनी मेंढीला बहुतेक एकच कोकरू होतं. ७ तारखेच्या पहाटे एकीला जुळं झालं, आणि दोघांना पुरेल एवढा चीक तिच्या सडात नव्हता. दुसरं कोकरू दवात पडलेलं मला चारला दिसलं. त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं तर आतून गार. तोंड आतून गार असेल तर लगेच पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची, नाहीतर दूध पोटात तसंच राहतं. गोणपाटात गुंडाळून चुलीपाशी धरलं. सहाला त्याने मान उचलली, चमचा-दोन चमचे चीक घेतला. साडेसातला गेलं. तुम्ही आठला बाहेर आलात तेव्हा मी चहा पीत होतो, खरं आहे. एका हंगामात अशी तीन-चार जातात. प्रत्येकाला रडत बसलो तर उरलेल्यांना कोण बघणार, असं वडील म्हणायचे. पण रडू येत नाही असं काही नाही.

ते कुत्र्यांना न देता पुरलं याची दोन कारणं. कळप राखणाऱ्या कुत्र्याच्या जिभेला कोकराची चव लागू द्यायची नाही, हा आमच्यात पिढ्यांचा नेम. दुसरं कारण पशुवैद्यकीय डॉक्टरांनी वडिलांना समजावलेलं. मोठ्या मेंढीच्या मेंदूत कधीकधी पाण्याच्या फुग्यासारखी गाठ होते आणि मेंढी एकाच जागी गोल गोल फिरायला लागते. त्या गाठीत टेपवर्म जंताची पिलावळ असते. असं मुंडकं कुत्र्याने कच्चं खाल्लं की जंत त्याच्या पोटात वाढतो, अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून पुन्हा मेंढीत. नुकत्या जन्मलेल्या कोकरात ते नसतं हे मलाही कळतं. पण आज हे चालतं, उद्या ते चालत नाही, हे कुत्र्याला कसं शिकवायचं? म्हणून काहीच नाही. सगळं कमरेइतक्या खड्ड्यात, वर चुना आणि काटे.

आता पैसे. ४०० रुपयांत दोन जेवणं, न्याहारी, चहा आणि पडवीतली खाट. त्यात आम्हाला काहीच सुटत नाही असं म्हणणार नाही, हंगामात चार माणसं आली की आईच्या औषधांचं भागतं. पण नवा माणूस पहिले तीन दिवस कामाला मदत करत नाही, काम वाढवतो. दार उघडं ठेवतो, झाडाचे टाळ तोडताना फांदी पायावर घेतो. तुम्ही त्यातल्या त्यात पुष्कळ बऱ्या होतात. जाहिरातीतल्या ‘स्वयंसेवक’ या शब्दाने मात्र गैरसमज होतो हे पटलं. तो शब्द काढला, ‘शीपडॉग’ही काढला.

लेंड्या उचलणं हे तुम्हाला हलकं काम दिलं असं वाटलं. ताई, लेंड्या हेच आमचं पीक आहे. दख्खनी लोकरीला आता भाव नाही, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तिच्यातून निघत नाही. भात कापून झालं की शेतकरी आपल्या खाचरात रात्रीपुरत्या मेंढ्या बसवून घेतात आणि त्याचे तांदूळ किंवा पैसे देतात. कोकणात पाऊस एवढा की जांभ्याच्या मातीतलं सत्त्व दरसाल धुऊन जातं, म्हणून या खताला मागणी. तुम्ही भरलेल्या अकरा गोण्या शेजारच्या हापूसच्या बागेत गेल्या. मृगाआधी मेंढ्या घाटावर चुलतभावाकडे पाठवतो, त्यांना इथला पाऊस सोसत नाही, खुरं कुजतात. तेव्हा जे काही मिळवायचं ते याच सहा महिन्यांत.

फोनला रेंज नाही अशीही तुमची तक्रार आहे. ते जाहिरातीत आधीपासून लिहिलेलं आहे, तिसऱ्या ओळीत.

तुम्ही सात दिवसांचे पैसे भरले होते, ११ ला सकाळी निघालात. दोन दिवसांचे ८०० रुपये आणि पुण्यात पुढच्या सुयांसाठी जो खर्च झाला असेल तो आम्ही देणं लागतो. पावतीचा फोटो भाच्याला पाठवा. एक तारा बदलावा असं माझं म्हणणं नाही.

वाघ्याला दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवलं. खातोय, पितोय, ठणठणीत आहे. तरीही तुमची पहिली सुई १० डिसेंबरला झाली, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवसाची शेवटची ७ जानेवारीला येते. ती चुकवू नका.