‘साहेब स्वतः लिहीत नाहीत’ या आक्षेपावर

नमस्कार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमचं म्हणणं झोंबलं. कंपन्यांच्या एमडींच्या नावावर लिंक्डइनचा मजकूर मी लिहिते, हे मागच्या लेखात कबूल केलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : “ही भाड्याची आपुलकी आहे. वेळ नसेल तर साहेबांनी गप्प बसावं. मी तीस वर्षं बँकेत काढली, असलं सोंग कधी केलं नाही.”

बँकेचा विषय तुम्हीच काढलात म्हणून विचारते. हेड ऑफिसला जाणारी पत्रं साहेब स्वतः लिहायचे का हो? ड्राफ्ट कोणीतरी ‘पुट अप’ करायचं, साहेब दोन शब्द खोडायचे आणि सही करायचे. शिवाजी महाराजांच्या पत्रांचा मजकूरही चिटणीस-कारकुनांच्या हातचा असे. पण मजकूर संपला की खाली ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटायची. पत्राची हद्द इथे संपली, याखाली कोणी काही घुसडायचं नाही. ‘शिक्कामोर्तब’मधलं मोर्तब ते हेच. अक्षर कारकुनाचं, पण जबाब द्यायचा तो मुद्रा ज्याची त्यानं.

यावर तुमचं उत्तर मला दिसतंय : ऑफिसचं पत्र खुर्ची लिहिते, इथे ‘मी’ लिहितो. मान्य. माझीही गाडी तिथेच अडते.

पण ‘स्वतः लिहिलं म्हणजे खरं’ हे मात्र पटत नाही. अमेरिकेतल्या होल फूड्स या किराणा साखळीचे प्रमुख जॉन मॅकी याहूच्या शेअरबाजार चर्चांमध्ये वर्षानुवर्षं ‘राहोडेब’ या नावानं लिहीत होते. बायकोच्या डेबोरा या नावातली अक्षरं उलटसुलट करून केलेलं टोपणनाव. स्वतःच्या कंपनीचं कौतुक करायचं, वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्ध्याला नावं ठेवायची. पुढे त्याच वाइल्ड ओट्सला विकत घ्यायला निघाले, तेव्हा 2007 मध्ये सरकारी आयोगाच्या खटल्यातून हे बिंग फुटलं. शब्दन् शब्द त्यांच्या हातचा होता! एकदा तर या महाशयांनी मॅकींच्या केशरचनेचीही तारीफ केली होती.

आता माझं पाप. भोसरीतल्या एका कारखानदारांसाठी मातृदिनाची पोस्ट लिहायची होती. ते परदेशात, फोन लागेना. मी लिहून टाकलं, ‘आई पहाटे चारला उठून डबा करायची, तेव्हा मला कष्टांची किंमत कळली.’ लाइक धो धो आले. संध्याकाळी त्यांच्या आईंनीच मुलाला फोन करून विचारलं, “मी कधी उठले रे चारला? डबा तर तुझी आत्या करायची.” पोस्ट काढली. पण त्या आत्याबाई, त्यांचं काय? त्यांच्या वाट्याचं श्रेय मी दोन वाक्यांत पळवलं होतं. तुमचा ‘सोंग’ हा शब्द तिथे नेमका बसतो.

तेव्हापासून पोस्ट लिहायच्या आधी अर्धा तास बोलणं रेकॉर्ड करते. त्यात जे नाही ते मजकुरात नाही. वाक्यं मी घासूनपुसून घेते, आठवणी मात्र बनवत नाही. फोन झाला नाही तर त्या आठवड्यात पोस्ट नाही. दोन गिऱ्हाइकं यापायी सोडूनही गेली.

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘मग खाली स्वतःचं नाव का नाही टाकत?’ हा प्रश्न मला आवडला. दिवाळी अंकात ‘शब्दांकन’ म्हणून नाव छापतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कालच भोसरीच्या साहेबांना हे सुचवलं. ते म्हणाले, “लोकांना वाटेल मला लिहिता येत नाही.” मी म्हटलं, “येत नाहीच की.” ते हसले, आणि विषय बदलला. पुढच्या फोनला पुन्हा काढणार आहे.