इंग्रजी तपासून आणा म्हणे!
परत तेच! उन्हातान्हात बांधाबांधावरून मातीचे नमुने गोळा करायचे, क्षारांचे आकडे पुन्हा पुन्हा तपासायचे, त्यावर इंग्रजीत शोधनिबंध लिहून जर्नलकडे, म्हणजे शोधपत्रिकेकडे पाठवायचा, आणि तिथल्या परीक्षकाचा शेरा काय, तर 'इंग्रजी मातृभाषा असलेल्याकडून तपासून घ्या.' पद्धतीबद्दल एक अक्षर नाही! कुठलं वाक्य चुकलं तेही सांगत नाहीत. इंग्रजीतला 'द' (the) कुठे राहिला यावरून कामाची किंमत ठरवणार का? भाषा तपासणाऱ्या कंपन्या शब्दागणिक पैसे घेतात, ते आम्ही पदरचे भरायचे. इकडे २०१० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय गुणांची, म्हणजे शोधनिबंध वगैरे कामांवर मिळणाऱ्या गुणांची अट घातली, तेव्हापासून शोधनिबंध छापून आणायची धावपळ सुरूच. त्यातच किती चांगली माणसं पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नलांच्या गळाला लागली! अहो, भाषा सुधारू की आम्ही, पण आधी निष्कर्ष तरी वाचा!