‘कोणताही पेट्रोल मीटर कोणत्याही गाडीला चालतो’? नाही चालत

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. आंबा घाटात जीप बंद पडली होती. सोबत काकू आणि दोन नातवंडं. मीटरचा काटा अर्ध्याच्या बराच वर, आणि टाकी कोरडी. मीटर नवाच, चार दिवसांपूर्वी काकांनी स्वतः बसवलेला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज वाचून. तो मलाही तीन ग्रुपांवर आलाय. त्याचं म्हणणं असं: 12 व्होल्टचा कोणताही पेट्रोल मीटर कोणत्याही जुन्या गाडीला चालतो. काटा चुकला तर वायरमध्ये एक रेझिस्टन्स, म्हणजे प्रवाह अडवणारा तुकडा, टाका. तरी जमलं नाही तर फ्लोटचा, म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याचा, दांडा वाकवा. अर्थची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडणारी, वेगळी वायर लागत नाही. आणि टाकीतलं पातळी मोजणारं युनिट चांगलं आहे का ते बघायला त्याला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात माणूस भाजू शकतो. जुन्या पेट्रोल जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उचलली की टाकीच्या डोक्यावर स्क्रूंनी बसवलेली ती गोल चकती दिसते, तेच युनिट. आत एक बारीक तारेचा रेझिस्टन्स, त्यावरून घासत फिरणारी पत्ती आणि दांड्याला लावलेला फ्लोट. एरवी त्यातून जाणारा प्रवाह मीटरमधून येतो, म्हणून तो बेताचा असतो. मीटर वगळून थेट 12 व्होल्ट दिले आणि युनिटचा रेझिस्टन्स 10 ओहम असेल, तर 1.2 अँपिअर वाहतात, म्हणजे 14 वॉटची उष्णता त्या केसाएवढ्या तारेत. काही युनिटं एका टोकाला शून्य ओहमवर जातात, तिथे तर सरळ शॉर्टच. तार जळते, पत्तीशी ठिणगी पडते, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीत. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांनाही पेट घेते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की ठिणगीची वाट बघत बसते. बंद टाकीत वाफ सहसा त्याहून दाट असते, म्हणून आजवर कुणी वाचलंही असेल. पण युनिट बघायला माणूस कधी बसतो? टाकी रिकामी असताना, स्क्रू ढिले करून, आत हवा गेलेली असताना. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ आधी काढून टाकावी. युनिटची वायर काढायची, मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, फ्लोट वर-खाली करून आकडे बघायचे. एवढंच काम आहे.

आता मूळ दावा. ‘12 व्होल्ट’ ही मीटरची जोडी ठरवणारी गोष्ट नाहीच. जोडी ठरते ओहमवर. प्रत्येक मीटर रिकाम्या आणि भरलेल्या टाकीला ठरावीक रेझिस्टन्सची अपेक्षा ठेवतो, आणि हे आकडे कंपनीगणिक वेगळे. व्हीडीओ (VDO) या जर्मन कंपनीची नेहमीची जोडी रिकामी 10, भरलेली 180. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत 0 ते 90. जुन्या फोर्डमध्ये उलट, रिकामी 73, भरलेली 10. ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ मीटर 240 ते 33 चे. काकांच्या मीटरच्या खोक्यातच आठ घड्या घातलेला बारीक अक्षरांचा कागद होता आणि त्यावर 240–33 छापलेलं होतं. तो कागद काकांनी उघडलाच नव्हता, कारण मेसेजमध्ये त्याची गरजच सांगितली नव्हती. मी जीपचं युनिट मोजलं. फ्लोट खाली 74, वर 11. म्हणजे टाकी ठणठणीत रिकामी असताना युनिट 74 ओहम देतं आणि 240–33 चा मीटर 74 चा अर्थ लावतो ‘पाऊण टाकीच्या आसपास’. घाटात झालं ते नेमकं हेच. याच युनिटला व्हीडीओचा मीटर लावला असता तर टाकी भरल्यावर त्याने रिकामी दाखवली असती.

‘मध्ये रेझिस्टन्स टाका’ हा सल्ला काका दुसऱ्या दिवशी करूनही बघणार होते, मी थांबवलं. ओळीने, म्हणजे त्याच वायरीत युनिटच्या पुढे, 166 ओहम टाकले तर रिकाम्या टाकीला 240 मिळतात, काटा बरोबर खाली येतो आणि माणूस खूश होतो. पण टाकी भरली की 177 मिळतात, आणि काटा पाव टाकीच्या आसपासच थांबतो. युनिटची धाव, म्हणजे दोन टोकांमधला फरक, 63 ओहमची, मीटरला हवी 207 ची. ओळीतला रेझिस्टन्स ही धाव सरकवतो, ताणत नाही.

यात अर्धं सत्य आहे ते मान्य करतो. युनिटची धाव मीटरपेक्षा मोठी असेल, तर समांतर, म्हणजे युनिटच्या दोन्ही टोकांना आडवा, रेझिस्टन्स लावून ती आवळता येते. 10–180 च्या युनिटला 180 ओहम समांतर लावले की साधारण 9.5 ते 90 होतात, आणि 0–90 चा मीटर वरच्या टोकाला बरोबर दाखवतो. मात्र युनिट 95 ओहमवर, म्हणजे मधोमध असताना काटा दोन-तृतीयांशाच्या थोडा वर दिसतो, आणि रिकाम्या टाकीला एक-दशांश शिल्लक दाखवतो. 40 लिटरच्या टाकीत ते नसलेले 4 लिटर होतात. शिवाय मेसेजमध्ये समांतर हा शब्दही नाही.

दांडा वाकवून फ्लोटची उंची बदलते, तारेचे ओहम बदलत नाहीत. टाकीच्या खोलीपुरता दांडा जुळवणं वेगळं.

अर्थचं म्हणाल तर टाकी बॉडीला जोडलेली असते हे खरं, पण मध्ये रबर, रंग आणि तीस वर्षांचा गंज असतो. तिथे 20 ओहम अडले तर 10 चे 30 होतात, आणि योग्य मीटरही भरलेली टाकी भरलेली दाखवत नाही. युनिटच्या स्क्रूपासून चॅसिसपर्यंत एक वायर टाका.

काकांनी आता दुकानदाराला 73–10 असा आकडा सांगून दुसरा मीटर मागवलाय. तो बसला की रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतून काटा कुठे येतो ते आम्ही दोघं लिहून काढणार आहोत, आणि तो कागद सीटखालीच चिकटवणार आहोत.