चुना नेमका कधी टाकलात?

नमस्कार. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की तळ्यात टाकलेल्या शेणखतातून अमोनिया सुटतो आणि मासे मरतात. त्यावर तुम्ही लिहिलंत की मी शेणखताला उगाच बदनाम करतो. तुमच्या शेततळ्यात पाणी तपासायच्या किटवर अमोनिया 1 आला, गेल्या वर्षीचे रोहू धडधाकट राहिले, मेली ती फक्त नवी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), तेही दुपारी चारच्या सुमारास. म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, असं तुमचं म्हणणं. खबरदारी म्हणून त्याच दुपारी चुनाही मारलात.

शेणाचं मान्य. शीर्षक जरा भडक झालं. तळाशी सडणारी शेंगदाणा पेंडही अमोनिया सोडते, आणि ती मीही सैल हाताने टाकायचो.

ऑक्सिजनचं मात्र पटत नाही. तो सर्वांत कमी होतो पहाटे, आणि तेव्हा सहसा मोठे मासे आधी वर येऊन तोंड वासतात. तुमच्याकडे वेळही उलटी आणि मेलेलेही उलटे.

किटवरचा 1 म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम एकूण अमोनिया. त्यातला विषारी किती, हे सामू (pH, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ठरवतो. पाणी 25 अंशांवर असेल तर सामू 7 ला जेमतेम अर्धा टक्का, 8 ला पाच टक्के, 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. उन्हाळ्यात पाणी तापलं की आणखी. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे सामू चढत जातो. माझ्या तळ्यात सकाळी सातला 7.6 होता, दुपारी तीनला 9. मला वाटलं, किटची बाटलीच खराब झाली! अशा पाण्यात तुम्ही चुना मारलात, म्हणजे सामू आणखी वर.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाण्यातच तो साचला की बाहेर जायचं थांबतं आणि रक्तात वाढत जातो. पिल्लांचं खाणं वजनाच्या मानाने जास्त, कल्लेही नाजूक, म्हणून ती आधी जातात. नुकतंच मेलेलं पिल्लू हातात घ्या, नखाने कल्ल्याचं झाकण उचला. लालभडक पाकळ्यांवर बुळबुळीत थर साचलेला दिसतो का बघा. जी वाचली त्यांनाही जपा. विषारी अमोनिया लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम असला तरी बऱ्याच माशांची वाढ खुंटते.

सध्या खाद्य बंद ठेवा, थोडं थोडं पाणी बदला. चुना पुढच्या खेपेला, मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडण्याआधी तळं तयार करताना. आणि उद्या दुपारी तीनचा सामू मोजून इथेच लिहा. शेणाचं भांडण त्यानंतर घालू.