मरताना घ्यावयाची काळजी

रस्त्यावर मरायचंच असेल तर निदान अभ्यास करून मरा. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ब्रेक गेलेला ट्रक मागून येतो तेव्हा हिशेबाला वेळ मिळत नाही. मग तोच भरपाईचा हिशेब तुमच्या बायकोला मोटार अपघात न्यायाधिकरणात तारखा घेत करावा लागतो.

आधी वय बघा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात गुणकांचा, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं याचा, तक्ताच घालून दिलाय. पंचविशीपर्यंत गुणक 18, मग उतरती कळा. पन्नाशीपर्यंत 13 आणि एक्कावन्न लागलं की थेट 11. वाढदिवसाचा केक कापलात की घरच्यांची दोन वर्षांची कमाई कापलीत. पासष्टीनंतर उरतात फक्त 5. तेव्हा म्हातारपणी सिग्नल पाळा, मरणं परवडत नाही.

लग्न करून ठेवा. समजा तुम्ही 32 वर्षांचे, स्वतःचा धंदा, महिना 20,000. वर्षाचे 2,40,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यावर 40 टक्के, झाले 3,36,000. मागे बायको, दोन पोरं आणि आई असेल तर तुमच्या खाण्यापिण्याचा चौथा हिस्सा वजा, गुणिले 16: चाळीस लाख बत्तीस हजार. सडाफटिंग असाल, मागे एकटी आई, तर निम्मी रक्कम वजा. एकटा माणूस अर्धी कमाई स्वतःवरच उडवतो, असं धरलं जातं. आईच्या हाती सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार. स्थळं नाकारताना हा फरक एकदा मांडून बघा.

अर्थात ते 20,000 कागदावर हवेत. गाडीवर वडापाव विकून चाळीस हजार कमावत असाल तरी उलटतपासात विमा कंपनीचा वकील पावती मागणार, आणि मिरचीच्या डागांचा गल्ला पुराव्यात बसत नाही. मग किमान वेतनाच्या आसपास काहीतरी अंदाज धरला जातो. म्हणून आयकराचं रिटर्न भरत जा. देशासाठी नव्हे हो, ट्रकसाठी.

ट्रकही निवडून घ्या. उडवून पळालेल्याचा नंबर कुणी टिपला नाही आणि गाडी सापडली नाही, तर सगळं गणित रद्द, सरसकट 2 लाख. तेव्हा प्राण जाता जाता नंबर प्लेट वाचा. चिखलाने माखली असेल तर पुसून वाचा.

कशाने मरायचं, हाही प्रश्न होताच. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 306 असं की, अपघातात मोडलेला माणूस दावा चालू असताना दुसऱ्याच आजाराने गेला, तर त्याच्या वेदनांचा दावाही त्याच्याबरोबर सरणावर. ज्याचं दुखणं तोच गेला, आता कसलं दुखणं! 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायदा सुधारला. आता काविळीने गेलात तरी दावा वारसांकडे येतो. मात्र त्याच सुधारणेत अर्जाला सहा महिन्यांची मुदतही आली. दुःख तेराव्यापर्यंत आटपायला सांगून ठेवा, वर्षश्राद्धाची वाट बघू नका.

प्रेमाचाही दर आहे बरं. सहवास गमावल्याचे 40,000, 2017 साली ठरलेले, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ.

राहिली आई. पंचनाम्यात तिच्यापुढे ‘व्यवसाय: घरकाम’ लिहितात आणि मग पुढचा रकाना कसा भरायचा म्हणून सगळे अडतात. जमशेदपूरच्या 1989च्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली 34 ते 59 वयाच्या गृहिणींच्या कामाची किंमत महिना 3,000 धरली होती. तेव्हा तिला आजच एक वही आणून द्या. पहाटेचं पाणी, तीन डबे, आजोबांच्या गोळ्या, सगळं तारीखवार लिहू दे, खाली तुमची सही.

आमच्या आईला दिली. तिने वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “जिवंतपणी देणार असशील तर लिहिते.”