उणे कालावधीवर एबीएस लावू नका

डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो. त्याचा मथितार्थ असा: "कालावधी म्हणजे शेवटी सेकंदच. संपल्याच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करा. उत्तर उणे आलं तर डेटा चुकलाय, एबीएस (उणे चिन्ह काढून टाकणारं फंक्शन) लावा किंवा शून्य करा. महिना ३० दिवसांचा, दिवस २४ तासांचा. भारतात घड्याळं पुढेमागे होत नाहीत, तेव्हा बाकीची काळजी नको. आणि हे सगळ्या डेटाबेसांत सारखंच चालतं."

सुटसुटीत आहे, म्हणून नवीन मुलं तो जसाच्या तसा उचलतात. पण पगार, बिलं आणि कराराच्या मुदती अशाच क्वेऱ्यांवर (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांवर) ठरतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसची घेतो.

आधी एबीएस. कारखान्याची रात्रपाळी २२:०० ला सुरू होते आणि ०६:०० ला संपते. दोन्ही कॉलम नुसत्या 'टाइम' प्रकारचे असतील तर वजाबाकीचं उत्तर येतं उणे १६ तास. एबीएस लावलं की कामगाराच्या नावावर १६ तास चढतात, शून्य केलं की त्याची अख्खी पाळी बुडते. खरे तास ८. ते उणे चिन्ह एवढंच सांगत होतं की मध्ये तारीख बदलली आहे आणि टेबलात तारीखच नाही. उपाय म्हणजे दोन्ही वेळा तारखेसकट टाइमस्टॅम्पमध्ये ठेवणं. जुनं टेबल बदलता येत नसेल, तर उत्तर उणे आल्यावर २४ तास मिळवा, पण पाळी २४ तासांपेक्षा लहानच असते याची खात्री असेल तरच. पोस्टग्रेसमध्ये इंटरव्हलसाठी, म्हणजे कालावधी साठवणाऱ्या प्रकारासाठी, एबीएस हे फंक्शनच नाही. लोक मुद्दाम सेकंदांत रूपांतर करून ते लावतात, म्हणजे चिन्ह पुसायला वर जास्तीचे कष्ट घेतात.

"उणे म्हणजे चुकीचा डेटा" हेही खरं नाही. एक पार्सल ठरल्या वेळेपेक्षा २० मिनिटं उशिरा पोचलं, दुसरं २० मिनिटं आधी. सरासरी उशीर शून्य. एबीएस लावलं तर २० मिनिटं, उणे उत्तरं शून्य केली तर १०. तिन्ही आकडे रिपोर्टमध्ये सारखेच विश्वासार्ह दिसतात, आणि कुणाला दंड लावायचा ते त्यावरून ठरतं.

कधी कधी उणे उत्तर खरोखर गडबडीतून येतं, पण तेव्हाही ते झाकायचं नसतं. पोस्टग्रेसचं 'नाऊ' फंक्शन चालू क्षण देत नाही, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांचा गठ्ठा) सुरू झाल्याची वेळ देतं. समजा, पहिलं ट्रान्झॅक्शन १०:०० ला सुरू झालं आणि रेंगाळलं. दुसरं १०:०५ ला सुरू झालं, त्यानं 'नाऊ'ची वेळ सुरुवात म्हणून देऊन एक रो (टेबलातली ओळ) घातली आणि कमिट, म्हणजे पक्कं केलं. आता पहिल्याला, नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर (जिथे इतरांनी पक्के केलेले बदल दिसतात), ती रो दिसते. त्यानं 'नाऊ' वापरून ती बंद केली की संपल्याची वेळ १०:०० आणि सुरुवात १०:०५. घड्याळ एकच, सर्व्हर एकच, तरी कालावधी उणे ५ मिनिटं! इथे चालू क्षण देणारं 'क्लॉक टाइमस्टॅम्प' हवं होतं. एबीएस लावणाऱ्याला हा घोळ कधीच दिसणार नाही.

आता "कालावधी म्हणजे सेकंदच" आणि "महिना ३० दिवसांचा". कॉल किती वेळ चालला, क्वेरीला किती वेळ लागला, अशा मोजलेल्या वेळेसाठी सेकंद किंवा मायक्रोसेकंद साठवणं अगदी योग्य आहे. पण एक महिन्याची नोटीस सेकंदांत मावत नाही. म्हणूनच पोस्टग्रेस इंटरव्हलमध्ये तीन वेगळे आकडे ठेवतं: महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद. तिघांना आपापलं स्वतंत्र चिन्ह असू शकतं, आणि खरी गंमत इथेच आहे. '१ महिना उणे ३० दिवस' हा इंटरव्हल घ्या. तुलना करताना पोस्टग्रेस महिना ३० दिवसांचा धरतं, त्यामुळे हा इंटरव्हल शून्याबरोबर आहे असं ते सांगतं. तोच १ जानेवारी २०२५ मध्ये मिळवा: आधी महिना जोडून १ फेब्रुवारी, मग ३० दिवस मागे, उत्तर २ जानेवारी. १ फेब्रुवारीत मिळवा: १ मार्चवरून मागे ३० जानेवारी. १ एप्रिलमध्ये मिळवला तर १ एप्रिलच. एकच किंमत एकदा पुढे नेते, एकदा मागे, एकदा जागेवर ठेवते, आणि 'शून्यापेक्षा कमी नको' ही तपासणी तिन्ही वेळा पास होते. त्याच नियमानं '१ वर्ष' हे '३६५ दिवस' यापेक्षा लहान ठरतं, कारण तुलनेत वर्षाचे ३६० दिवस होतात. सेकंदांत काढायला गेलात तर वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं जातं. इंटरव्हलवर अटी लिहिणाऱ्यानं हे माहीत करून घ्यायलाच हवं.

चिन्ह लिहितानाही सांभाळा. '-१ २:०३:०४' (१ दिवस आणि पुढे तास-मिनिटं-सेकंद) असं लिहिलं तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकानुसार उणे सगळ्याला लागू होतं. पोस्टग्रेसच्या डीफॉल्ट शैलीत ते फक्त दिवसाला लागतं, तास-मिनिटं अधिकच राहतात. 'इंटरव्हलस्टाइल' ही सेटिंग मानक शैलीवर ठेवली की अर्थ पालटतो. दोन सिस्टिमांमध्ये इंटरव्हल मजकूर म्हणून पाठवत असाल तर प्रत्येक भागाला चिन्ह लिहा.

घड्याळांचं म्हणाल तर, भारतात आज ती बदलत नाहीत हे खरं. पण अमेरिकेच्या क्लायंटचं काम पुण्यात बसून करणाऱ्यांना त्याचा काय उपयोग? न्यूयॉर्कच्या टाइमझोनमध्ये ८ मार्च २०२५, दुपारी १२ वाजता यात '१ दिवस' मिळवला तर ९ मार्चचे दुपारचे १२ येतात. '२४ तास' मिळवले तर १ वाजतो, कारण मधल्या रात्री तिथली घड्याळं एक तास पुढे गेली. रोज बाराला जाणाऱ्या रिमाइंडरला पहिलं हवं, २४ तासांच्या मुदतीला दुसरं.

राहिला "सगळीकडे सारखंच" हा दावा. मायएसक्यूएलमध्ये 'डेटडिफ' पहिल्यातून दुसरी तारीख वजा करतं आणि 'टाइमस्टॅम्पडिफ' दुसऱ्यातून पहिली. एकाच डेटाबेसमधल्या दोन फंक्शनांची चिन्हं उलटी! तिथलंच 'टाइमडिफ' ८३८:५९:५९ च्या पलीकडे जात नाही, म्हणजे जेमतेम ३५ दिवस. एसक्यूएल सर्व्हरचं 'डेटडिफ' ओलांडलेल्या सीमा मोजतं: ३१ डिसेंबर ते १ जानेवारी हे त्याच्या लेखी १ वर्ष. ओरॅकलनं वर्ष-महिना आणि दिवस-सेकंद असे दोन वेगळे इंटरव्हल प्रकारच केले आहेत, आणि तिथे ३१ जानेवारीत एक महिन्याचा इंटरव्हल मिळवला तर एरर येते. पोस्टग्रेस निमूटपणे फेब्रुवारीची शेवटची तारीख देतं.

उणे कालावधी जिथे खरोखर अशक्य आहे, तिथे अट कालावधीवर न घालता दोन क्षणांवर घाला: संपल्याची वेळ सुरुवातीपेक्षा लहान नको, असा चेक कन्स्ट्रेंट. किंवा ९.२ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये असलेला रेंज प्रकार (सुरुवात आणि शेवट एकत्र साठवणारा) वापरा. खालची मर्यादा वरच्यापेक्षा मोठी दिली तर तो रेंज तयारच होत नाही, आणि एरर रो घालतानाच समोर येते.